मदत हवी आहे: टाकणखाराच्या काचेत गेलेली चांदी परत कशी काढावी?

मंडळी, फोंड्याला आमचं सोनारकामाचं छोटं दुकान आहे. सोनं वितळवायची मूस टाकायला झाली की तिच्या कडेला साचलेली टाकणखाराची (बोरॅक्सची) काच मी डब्यात साठवतो. ती कुटून धुतली की भिंगाखाली मोहरीहून बारीक पिवळे मणी दिसतात. ते नुसतेच अडकलेले, परत मुशीत जातात. प्रश्न उरलेल्या काचेचा आहे.

वितळलेल्या काचेत सोनं जवळपास विरघळतच नाही. सोन्याने लाल केलेल्या काचेतही ते टक्क्याच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतं, आणि तो रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा, हे फॅरडेने १८५७ मध्येच मांडलं होतं. चांदीचं तसं नाही. हवेतला ऑक्सिजन मिळाला की तिचे आयन होऊन काचेत शिरतात.

आमची काच कधी हिरवट, कधी लालसर. २२ कॅरेटच्या दागिन्यात तांबं असतंच, तेव्हा हा लाल रंग तांब्याचाच, असं माझं मत. काका मात्र सोन्यावर ठाम!

लिथार्ज (शिशाचा ऑक्साइड) आणि पीठ घालून वितळवलं की सुटलेलं शिसं सोनं-चांदी गोळा करतं, हे माहीत आहे. पण दुकानाच्या वरच आमचं घर, पावसात खिडक्या बंद. शिशाचा धूर नकोच. त्याऐवजी कोळशाची पूड मिसळून काच पुन्हा वितळवली तर चांदी खाली बसेल का? सोबत तांबंही उतरेल, ते वेगळं कसं काढता? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सांगा.