मदत हवी आहे: दिवे लावले की जुन्या मोटरबोटीचे सगळे काटे वर सरकतात

मंडळी, नवीन गेजचा (डॅशवरच्या काट्यांच्या मीटरांचा) अख्खा सेट मागवायच्या बेतात आहे. त्याआधी जाणकारांना विचारून घ्यावं म्हणून हा धागा.

बोट १९८० च्या दशकातली. आत बसवलेलं पेट्रोल इंजिन, १२ व्होल्टची वायरिंग. वायरिंग बहुतेक मूळचीच, पण आधीच्या मालकांनी ज्याला जसं सुचलं तशी ठिगळं लावलेली. इंजिन एका झटक्यात सुरू होतं आणि चालतंही झकास. तक्रार फक्त डॅशबोर्डची.

नुसतं इंजिन चालू असताना काटे बरे वागतात. दिवे लावले की तापमान आणि ऑइल प्रेशर दोन्ही वर चढतात, आरपीएमचा काटा थरथरतो आणि व्होल्टमीटर १४ च्या आसपासवरून थेट १२ वर येतो. बिल्ज पंप (बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणारा) चालू केला की आणखी खाली. दिवे बंद केले की सगळे गुपचूप जागेवर. पेट्रोलच्या काट्याची तऱ्हा मात्र निराळी. टाकी अर्धी असो की तळाला गेलेली, तो कायम ‘फुल’! बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर गेला म्हणावं का? की गेजच म्हातारे झाले?

प्रतिसाद १

गेज मागवू नका. चार काटे एकाच दिवशी म्हातारे होत नाहीत. दिवा लावल्यावर सगळे मिळून हलत असतील तर दोष त्यांच्या सामाईक वायरीत आहे. माझा पहिला संशय निगेटिव्हवर. सेंडर म्हणजे गेजला माप पाठवणारा भाग. इंजिनवरच्या सेंडरची अर्थिंग (निगेटिव्ह जोडणी) इंजिनमधून होते आणि गेजची डॅशच्या काळ्या वायरीतून. ती काळी वायर कुठे गंजली असेल, तर दिव्यांचा करंट तिच्यातून जाताना गेजचं निगेटिव्ह वर उचललं जातं आणि काटे ‘जास्त’कडे झुकतात.

तर्क पुरे, मोजा. इंजिन आणि दिवे चालू ठेवून मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरं गेजमागच्या ‘जी’ (निगेटिव्ह) टर्मिनलवर लावा. ०.२ व्होल्टच्या वर काही दिसलं तर चोर सापडला. मग तसंच बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून गेजच्या ‘आय’ (इग्निशनकडून येणाऱ्या पॉझिटिव्ह) टर्मिनलपर्यंत मोजा. जुन्या अमेरिकन पद्धतीच्या वायरिंगमध्ये ही वायर जांभळी असते. अल्टरनेटरचा निकाल डॅशवर नाही, बॅटरीच्या खांबांवर लावायचा.

प्रतिसाद २

पेट्रोलच्या काट्याचं वेगळं बघा. अमेरिकन सेंडर रिकाम्या टाकीला २४० ओहम दाखवतो आणि भरलेल्या टाकीला ३३. त्यामुळे ‘एस’ची (सेंडरकडून येणारी, गुलाबी) वायर कुठेही घासून निगेटिव्हला टेकली की काटा ‘फुल’ला चिकटतो. इग्निशन बंद करून गेजमागची गुलाबी वायर काढा, मग इग्निशन द्या. काटा तळाला गेला तर गेज ठणठणीत. त्यानंतर ती परत जोडून टाकीकडचं टोक तसंच सोडवा. आता काटा पडला तर सेंडर अडकलाय, नाही पडला तर मधली वायर सोललीय.

पण टाकीजवळ हात घालण्याआधी इंजिनच्या कप्प्याचं झाकण उघडून वास घ्या आणि ब्लोअर (वाफ बाहेर फेकणारा पंखा) निदान चार मिनिटं चालवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बिल्जमध्ये साचून राहते. तिथे वायरींची ठिणगी अजिबात नको.

धागाकर्ता

मोजलं. दिवे लावून बॅटरीवर १४.१, डॅशवर १२. निगेटिव्हच्या बाजूला १.८ व्होल्ट गायब, पॉझिटिव्हला फक्त ०.३. डॅशखाली एकाच स्क्रूवर सात-आठ काळ्या वायरी एकावर एक कोंबलेल्या आहेत, खालच्या लगवर (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) हिरवी बुरशी. तात्पुरती एक जाड वायर त्या स्क्रूपासून बॅटरीच्या निगेटिव्हला लावली तर काटे हलायचे थांबले. अल्टरनेटरवर उगाच आळ घेतला होता.

पेट्रोलचा काटा टाकीकडचं टोक सोडवल्यावर पडला. म्हणजे सेंडर. पण हा कुठल्या मापाचा घ्यायचा? आणि ती तात्पुरती वायर तशीच ठेवली तर चालेल का?

प्रतिसाद १

तशी लोंबती ठेवू नका. डॅशखाली निगेटिव्ह बसबार (वायरी जोडायची धातूची पट्टी) लावा, प्रत्येक काळी वायर त्यावर वेगळ्या स्क्रूला. बॅटरीपासूनची मुख्य वायर टिन केलेल्या तांब्याची घ्या. साधं तांबं खाऱ्या हवेत इन्सुलेशनच्या आतून काळं पडत जातं. जुन्या लगवर नुसता पॉलिश पेपर घासून भागणार नाही, वायर चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापा आणि नवीन लग क्रिम्प करा (दाबून बसवा). ते ०.३ सुद्धा सोडू नका, इंजिनजवळचा मोठा गोल कनेक्टर उघडून पिना बघा.

प्रतिसाद २

सेंडर गेजशी जुळणारा घ्या. युरोपियन जोडी रिकाम्याला १० आणि भरलेल्याला १८० ओहम असते. सरमिसळ केलीत तर काटा उलटा चालेल. फ्लोटचा (पेट्रोलवर तरंगणाऱ्या भागाचा) दांडा टाकीच्या खोलीप्रमाणे निवडा. सेंडरच्या वरच्या चकतीला पाच भोकं असतील तर ती सारख्या अंतरावर नसतात, एकाच दिशेने बसतात. स्क्रू बसेना म्हणून नवीन भोक पाडू नका, चकती फिरवून बघा. आणि नवीन गॅस्केट विसरू नका.