तातडीने मदत हवी: आईची झोपेची गोळी संपलीय, केमिस्ट देत नाहीये

घाईत_ठाणेकर: नेहमीचा केमिस्ट आज अचानक चिठ्ठी मागत बसलाय. जुनी चालत नाही म्हणे. डॉक्टर गावाला गेलेत, सोमवारी येणार. बिनचिठ्ठीची दुसरी कुठली गोळी मिळते का? आईला झोप लागली म्हणजे झालं.

रानजाई: गोळीचं नाव? पॉवर? आईंचं वय? कधीपासून चालू आहे?

घाईत_ठाणेकर: अहो झोपेची गोळी! स्ट्रिपवर लाल चौकट आहे. वय 71.

ताकपिठं: जायफळ उगाळून कोमट दुधात द्या. माझ्या सासूबाई पंधरा मिनिटांत घोरायला लागतात.

औषधवाला: केमिस्टवर चिडू नका. लाल चौकट म्हणजे शेड्यूल एच-वन, कडक नियमांच्या औषधांची सरकारी यादी. 2014 पासून पेशंटचं, डॉक्टरचं नाव आणि किती गोळ्या दिल्या ते वेगळ्या वहीत लिहावं लागतं, वही तीन वर्षं जपावी लागते.

खडूस काका: वही! आमच्या कोपऱ्यावर मागाल तेवढ्या देतात.

रानजाई: काका, थांबा हो. नाव सांगा आधी!!

घाईत_ठाणेकर: अल्प्राझोलाम 0.5. रात्री एक. बाबा गेल्यापासून चालू आहे, श्रावणात तीन वर्षं होतील. गोळ्या पुरवायच्या म्हणून आठवडाभर अर्धीच देत होते, परवा तीही संपली. आज सकाळी चहा पिताना कपबशी खडखडत होती, इतके हात थरथरतायत. घामही येतोय. अशक्तपणाच ना?

औषधवाला: हे आधी सांगायचं ना! तीन वर्षं रोजची गोळी एकदम सुटली की असं होतं, फिटसुद्धा येऊ शकते. सोमवारपर्यंत थांबू नका. रिकामी स्ट्रिप आणि जुनी चिठ्ठी घेऊन आत्ता जवळच्या कॅज्युअल्टीत जा. फिट आली किंवा असंबद्ध बोलू लागल्या तर थेट 108.

खडूस काका: माझ्याकडे क्लोनाझेपाम पडून आहे. ठाण्यातच राहतो, आणून देतो.

औषधवाला: नको! ती 30-40 तासांनीही निम्मी अंगात उरलेली असते. कुठल्या गोळीऐवजी कुठली, किती, हे तपासून ठरवायचं असतं. रात्री बाथरूमला जाताना तोल गेला तर खुब्याचं हाड मोडायचं. आणखी काही औषधं चालू आहेत?

घाईत_ठाणेकर: बीपीची. आणि खोकल्याचं पातळ औषध, घरात होतं ते. बाटलीवर कोडीन लिहिलंय.

औषधवाला: ती बाटलीही न्या आणि आठवणीने दाखवा. कोडीन आणि ही गोळी एकत्र पोटात गेली तर श्वास मंदावतो.

ताकपिठं: तोवर जायफळ?

रानजाई: ताई, जायफळ राहू द्या.

निवांत_नाशिक: घोरण्याचा विषय निघालाच आहे तर, आमच्या ह्यांच्यासाठी काही उपाय?

घाईत_ठाणेकर: जाऊन आलो. डॉक्टरांनी तपासून तीच गोळी चार दिवसांपुरती लिहून दिली, खोकल्याचं बंद केलं. गुरुवारी मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचंय. गोळी थोडी थोडी उतरवत नेतात, महिने लागू शकतात म्हणाले. रिक्षात आई विचारत होती, "मला व्यसन लागलंय का गं?" काय सांगू?

खडूस काका: सांगा, मीही बीपीची गोळी रोज घेतो. मग मी काय व्यसनी?

औषधवाला: काका, तुलना चुकतेय. पण आज त्यांना तेवढंच सांगा.