‘पोश्चर’, ‘कोअर’ आणि पोट आत घेणं

जोडीने करायचा नाच शिकवताना मला दोन इंग्रजी शब्द रोज अडतात : ‘पोश्चर’, म्हणजे उभं राहताना अंग कसं धरायचं ते, आणि ‘कोअर’, म्हणजे धडाला मधोमध आधार देणारे स्नायू. ‘ताठ उभे राहा’ म्हटलं की शिकणारे छाती पुढे काढतात, गुडघे मागे ढकलतात. ‘पोट आत घ्या’ म्हटलं की श्वास अडकतो आणि खांदे कानांशी जातात. परवा एका जोडीतली मुलगी म्हणाली, “हा कुठे वळणार ते मला कळतच नाही.” त्याचा हात तिच्या खांद्याच्या पात्याखाली अगदी योग्य जागी होता, पण पोट खेचून, श्वास रोखून तो खांबासारखा उभा. त्याला मराठीत काय सांगायचं?

प्रतिसाद १ :
‘ताठ’ नकोच. त्याच्या मागोमाग ताठर आणि ताठा येतात. ठेवण, बांधा, अंगकाठी हे शब्दही उपयोगाचे नाहीत, ते जन्माने मिळालेल्या शरीराबद्दल बोलतात. पोश्चर ही आपण करायची गोष्ट आहे. मी ‘अंग सावरून उभे राहा’ म्हणेन.

प्रतिसाद २ :
पोश्चरसाठी नेमका शब्द नाट्यशास्त्रात आहे : सौष्ठव. कंबर कानाच्या रेषेत, कोपर, खांदे, डोकं आपापल्या जागी सम आणि छाती उंचावलेली, अशी त्याची व्याख्या आहे. मराठीत मात्र ‘शरीरसौष्ठव स्पर्धा’ म्हटलं की फुगवलेले दंडच डोळ्यांसमोर येतात. एवढा नेमका शब्द असा हातचा गेला याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्रतिसाद ३ :
कोअरला ‘पोट’ म्हणण्यातच घोळ आहे. पोटाचा सर्वांत आतला स्नायू आडव्या तंतूंचा असतो आणि पट्ट्यासारखा दोन्ही कुशींवरून पाठीपर्यंत जातो. खोकताना कुशीत बोटं रुतवून पाहा, तो आवळलेला लागतो. समोरचे ‘सिक्स पॅक’वाले स्नायू आवळले तर बरगड्या खाली ओढल्या जाऊन माणूस पुढे वाकतो. म्हणून ‘कंबर कसा’ म्हणा. कसायचं ते चहूबाजूंनी, हे त्या शब्दातच आहे.

मूळ प्रश्नकर्ती :
आज त्याला म्हटलं, “फूऽऽ करून श्वास सोड, कंबर कसली जाईल. ती तशीच ठेवून आता श्वास घे.” खांदे आपोआप उतरले. तिसऱ्या फेरीत ती त्याच्याबरोबर वळली. ‘कंबर कसा’ मी ठेवून घेतेय. सौष्ठव वर्गात म्हणायला अजून जीभ वळत नाही, तोवर ‘अंग सावरा’.