चूक ‘होते’ की ‘करतात’?

धोटा
परवा ‘काटेकोर’ यांनी इथे लिहिलं होतं, ‘चूक म्हणजे निश्काळजीपणा, बाकी सगळ्या सबबी. मन लावून काम करणाऱ्याची चूक होत नाही.’ वाचून झोपलो आणि रात्री तीनला जाग आली. म्हणून हे लांबण.

माझे वडील पूर्वभागात, म्हणजे सोलापुरातल्या विणकरांच्या वस्तीत, चादरीची नक्षी काढायचे. चौकटीच्या कागदावर, एकेक घर रंगवत. त्यावरून जेकार्डचे, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाचे, भोकांचे पत्ते पाडायचे. एक पत्ता म्हणजे बाण्याचा, आडवा, एक धागा. भोक असेल तिथला ताणा, म्हणजे उभा धागा, उचलणार. पंचवीस वर्षं त्यांनी काठावर ‘सोलापुरी चादर’ काढलं. त्यातला ‘पु’ ऱ्हस्व. मग एका व्यापाऱ्याला काठावर नुसतं ‘सोलापूर’ हवं होतं. वडिलांच्या हातून सवयीने ऱ्हस्वच गेला. तो कागद मालकांनी पाहिला, पत्ते पाडणाऱ्याने पाहिला, माग लावून देणाऱ्या जॉबरने पाहिला. १२० चादरी निघाल्या, सगळ्यांवर ‘सोलापुर’. माल परत. पैसे वडिलांच्या पगारातून कापले, सात महिने.

शिकाऊ पोराकडून हे झालं असतं का? तो नमुना बघून अक्षर न् अक्षर उतरवतो. चुकला तो हात बसलेला माणूस. एकदा हात बसला की डोकं तिथून उठून जातं.

काटेकोर
वडिलांबद्दल आदर आहे. पण ‘हातून गेला’ म्हणजे काय? हात भाड्याने आणला होता? आपल्याकडे ही सोयच आहे. पेला ‘फुटतो’, दूध ‘उतू जातं’, गाडी ‘चुकते’. कोणी काही करतच नाही! नवी पेठेत तीस वर्षं दुकान आहे माझं. गल्ल्यात रुपयाचा फरक आला तरी हिशेब लागल्याशिवाय शटर ओढत नाही.

लाल_हिरवा
म्हणजे फरक येतो की मालक! मग मन कुठे होतं तेव्हा?

मी रेल्वेतून निवृत्त. इंजिनात दोघं असतात. सिग्नल दिसला की एक मोठ्याने सांगतो, दुसरा तेच परत म्हणतो. बाहेरच्याला पोरखेळ वाटेल. पण डोळा चुकला तर कानाने सापडावं म्हणून ते आहे. मन लावण्यावर सोडलं असतं तर आम्ही कधीच वर गेलो असतो. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जम्बो विमानं धडकली, ५८३ माणसं गेली. परवानगी न मिळताच विमान पळवणारा केएलएम या डच कंपनीचा कॅप्टन साधासुधा नव्हता, दुसऱ्या वैमानिकांना शिकवणारा होता. त्याच्या इंजिनिअरने शंकाही काढली होती, समोरचं विमान अजून धावपट्टीवर आहे का म्हणून. ती उडवून लावली. एवढ्या मोठ्या साहेबाला दुसऱ्यांदा कोण विचारणार?

व्याकरणवेडा
मूळ मुद्दा बाजूलाच राहतोय. गावाच्या नावातलं ‘पूर’ दीर्घ, हा स्वतंत्र नियमच आहे. १९६२ साली १४ नियम आले, १९७२ साली आणखी ४. सामान्यरूपात ऱ्हस्व: सोलापुरात, सोलापुरी. इतकं सोपं! तरी निम्म्या पाट्यांवर ‘सोलापुर’. आणि राग मानू नका, पूर्वभागात घरची भाषा तेलुगू, मग मराठी ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ होणारच.

धोटा
राग मानू नका म्हणून चापट मारायची! अहो, तेलुगूत ऱ्हस्व-दीर्घ कानाला स्पष्ट ऐकू येतं, अर्थच बदलतो. बोलताना पुर आणि पूर एकच करता तुम्ही, आणि नियम पाठ करायला आम्ही? वडिलांना नियम पक्का ठाऊक होता. चादर हातात आली तेव्हा पहिल्यांदा त्यांनाच दिसलं. ठाऊक नसणं वेगळं आणि ठाऊक असून हात चुकणं वेगळं. हे लिहिण्यासाठीच तर बसलो होतो.

व्याकरणवेडा
बरं, तेलुगूचं मागे घेतो. नियमाचं नाही.

निळं_टोपण
तीस वर्षं परिचारिका होते. एका रात्री ट्रेमध्ये दोन कुप्या, दोन्हींना निळं टोपण, लेबल मुंगीएवढं. मी सुई भरली. कॉटशेजारी बसलेली पेशंटची आजी म्हणाली, “बाई, काल तर दुसरी कुपी होती की.” माझे पाय गळाले. त्या पाळीत चाळीस पेशंटमागे मी एकटी होते, तरी सबब म्हणून सांगत नाही. लेबल मी वाचलं होतं, पण मला हवं तेच वाचलं. चादरीच्या कागदावर तिघांचं झालं तसंच. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांना सांगितलं, तर मेमो हातात. निळी टोपणं तिथेच. त्यानंतर वॉर्डात कोणी काही सांगायला गेलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी काढली, अमेरिकेतले सर्जन अतुल गावंडे यांच्या पुढाकाराने. पेशंट हाच ना, बाजू हीच ना, असं मोठ्याने विचारायचं. नामांकित सर्जनलासुद्धा.

पाचव्या_दिवशी
माणूस चुकतो कारण त्याची झोप होत नाही. पाणी पाच दिवसांनी, तेही पहाटे तीनला! मागच्या खेपेला मोटर लावली आणि कॉक उघडायचा राहिला. टाकी कोरडी, बायको तीन दिवस बोलली नाही. उजनी धरण भरलंय म्हणे. यादी करायला सांगा ती वेळापत्रक लावणाऱ्यांना.

काटेकोर
पाण्याचा इथे काय संबंध?? सगळे मिळून मलाच धरा. मान्य, यादी चांगली. मेमोचंही चुकलंच. पण पगार कापलाच नाही तर उद्या कोण नीट काम करेल?

व्याकरणवेडा
जाता जाता, ‘निष्काळजीपणा’त पोटफोड्या ष असतो. तुम्ही शहामृगाचा श लिहिलाय.

काटेकोर
ते टाइप करताना झालं.

लाल_हिरवा
झालं!! केलं नाही, झालं! 😂

काटेकोर
हसा. धोटा, त्या चादरींपैकी एखादी शिल्लक आहे का? दुकानात लावतो, पैसे देऊन.

धोटा
एकच आहे. आई तिच्यावर शेंगा वाळत घालते. मागून बघतो, देईल असं वाटत नाही.