तिलापियासाठी प्रोबायोटिक कोणतं घ्यावं? एरोमोनासचा त्रास आहे

तळ्याकाठी:
नमस्कार मंडळी, थोड्याच दिवसात तळ्यात तिलापिया माशाची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडणार आहे. मागच्या हंगामात माशांच्या अंगावर लाल चट्टे आले, मग जखमा, पोटं फुगली, काहींचे डोळे बाहेर आले, तपासणीत एरोमोनास हायड्रोफिला हा रोगजंतू निघाला. अँटिबायोटिक दिलं तेव्हा मर थांबली पण नंतर परत सुरू. यावेळी आधीपासूनच प्रोबायोटिक, म्हणजे चांगले जिवाणू द्यायचेत. पण कुणी बॅसिलस म्हणतं कुणी लॅक्टोबॅसिलस, कुणी पाण्यात टाक म्हणतं कुणी खाद्यातून दे. काय घेऊ, किती आणि कधीपासून?

निळं पाणी:
खाद्यातून द्या, आणि बॅसिलस घ्या, सबटिलिस किंवा लायकेनिफॉर्मिस. त्याचे बीजाणू (सुप्त अवस्थेतलं रूप) टणक असतात, साठवणीत आणि खाद्य बनवतानाच्या उष्णतेतही बरेचसे टिकतात. लॅक्टोबॅसिलस प्लांटारमचेही तिलापियात चांगले परिणाम दिसलेत पण तो नाजूक, गरम दाण्यात मरतो, म्हणून तयार खाद्यावर थोड्या तेलातून चोळायचा आणि त्याच दिवशी संपवायचा. पाण्यात टाकायची पावडर गाळ आणि उरलेलं खाद्य कुजवायला कामाची, आतड्याच्या संरक्षणासाठी तिच्यावर विसंबू नका.
घेताना पाकिटावर जिवाणूचं पूर्ण नाव, ग्रॅममागे सीएफयू म्हणजे जिवंत जिवाणूंचा आकडा आणि मुदत हे तिन्ही बघाच. नुसतं 'उपयुक्त जिवाणू' लिहिलेलं असेल तर ठेवून द्या.

सूक्ष्मजीववेडी:
वरच्याशी सहमत. डोस साधारण खाद्याच्या ग्रॅममागे १० लाख ते १० कोटी सीएफयू असतो. म्हणजे पावडरीत ग्रॅममागे १,००० कोटी असतील तर किलोभर खाद्याला १ ग्रॅम टाकला की ग्रॅममागे १ कोटी झाले, हा हिशोब स्वतः करा, 'चमचाभर टाका' वर जाऊ नका.
आता हे काम कसं करतं ते नीट समजून घ्या, कारण कधी द्यायचं ते त्यावरूनच ठरतं. एरोमोनास गोड्या पाण्यात असतोच, तळ्यातून तो कायमचा काढता येत नाही, मासा कमजोर झाला की तो डाव साधतो. चांगले जिवाणू आतड्याच्या अस्तरावर आधी जागा धरतात, अन्न आणि लोह स्वतः घेतात, काही जण रोगजंतूंना मारणारी प्रथिनं आणि आम्लं सोडतात, आणि काही बॅसिलस तर रोगजंतूंचे एकमेकांना दिलेले रासायनिक इशारेच तोडतात त्यामुळे त्यांचा एकत्र हल्ला होत नाही. शिवाय माशाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी होते, रक्तातलं जंतू फोडणारं लायसोझाइम वाढतं, जंतू गिळणाऱ्या पेशी जास्त काम करतात. पण हे सगळं एका दिवसात होत नाही, किमान दोन-तीन आठवडे सलग द्यावं लागतं, आणि थांबवलं की परिणाम हळूहळू ओसरतो. म्हणून बोटुकली खायला लागली की लगेच सुरू करा, आणि जाळं ओढणं, निवड करणं, हवामान बदलणं अशा ताणाच्या वेळेआधी तर खंड पडूच देऊ नका.

तळ्याकाठी:
खूप आभार ताई. मग आजार दिसल्यावर डोस वाढवला तर चालेल का?

सूक्ष्मजीववेडी:
नाही, तिथे उपयोग नाही. आजारी मासा आधी खाणं सोडतो, मग खाद्यातलं औषध त्याच्या पोटात जाणार कसं? तेव्हा तपासणी करून मत्स्यतज्ज्ञ सांगतील तोच इलाज. अँटिबायोटिक चालू असताना प्रोबायोटिकवर पैसे घालवू नका, बरेचदा तेही मरतं, कोर्स संपला की परत सुरू करा म्हणजे रिकाम्या झालेल्या आतड्यात चांगले जिवाणू आधी बसतील.

गाळउपसा:
एक राहिलं. पोटॅशियम परमँगनेट किंवा ब्लीचिंग ही जंतुनाशकं चांगले जिवाणूही मारतात, म्हणून ती टाकलीत तर पाण्यातलं प्रोबायोटिक त्यानंतर काही दिवसांनीच टाका. आणि ते सकाळी, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालू ठेवून टाका, कारण गाळ कुजवताना हे जिवाणू ऑक्सिजन खातात आणि रात्री तो आधीच उतरलेला असतो. अमोनिया वाढलेला, मासे दाटीत, पहाटे वर येऊन तोंड उघडतायत अशी अवस्था असेल तर कितीही महागडं पाकीट आणा, एरोमोनास येणारच. आधी दाटी कमी करा.

तळ्याकाठी:
दाटी जास्तच होती दादा, यावेळी बीज कमी सोडतो. एरेटर आहे, अमोनियाचं किट आणतो, आणि बॅसिलस पहिल्या खाद्यापासून.