एका ओढ्यावरची पाच गावं: पाणलोटाचा आराखडा एकत्र कसा करायचा?

माणदेशी_शिवार

माणगंगेला मिळणाऱ्या एका ओढ्यावर पाच गावं आहेत. पाणलोट साधारण २,४०० हेक्टर, पाऊस ५०० मिमीच्या आतबाहेर, लोकसंख्या नऊ हजारांच्या घरात. वरची दोन गावं (सुमारे १,००० हेक्टर) एका जिल्ह्यात, खालची तीन शेजारच्या जिल्ह्यात. माथ्यावरचा डोंगर वनविभागाकडे.

आजवर प्रत्येक ग्रामपंचायतीने आपापला आराखडा केला. कृषीची बांधबंदिस्ती वेगळी, जलसंधारणचे सिमेंट बांध वेगळे, रोहयोचे चर वेगळे, वनविभागाची लागवड वेगळी. एकाचा कागद दुसऱ्याशी जुळत नाही. यंदा वरच्या गावांनी दोन किलोमीटर नाला खोलीकरण आणि बारा सिमेंट नाला बांध मागितले आहेत. जुनी कामं धरून त्यांची साठवण ३०० टीसीएमपर्यंत (टीसीएम म्हणजे हजार घनमीटर) जाईल. खालच्या गावांना धास्ती आहे की आपला पाझर तलाव आणि दोन कोल्हापूर बंधारे (बरगे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या लावून पाणी अडवणारे) कोरडे पडतील.

पाचही गावांचा एकच आराखडा करायचा आहे. सुरुवात कुठून करावी, कोणती कामं कोणत्या क्रमाने घ्यावीत आणि गावागावांत नेमकं काय ठरवून घ्यावं?

टोपोशीट

सुरुवात नकाशापासून करा, कामांच्या यादीपासून नको.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने राज्यभर पाणलोटांची आखणी करून प्रत्येकाला क्रमांक दिला आहे. भीमा खोऱ्यातले क्रमांक ‘बीएम’ने सुरू होतात. तो नकाशा जिल्हा कार्यालयातून घ्या. त्यावर अपधाव (पाणी वाहून जाणारा), पुनर्भरण (पाणी मुरणारा) आणि साठवण असे तीन पट्टे दाखवलेले असतात. मग १:५०,००० टोपोशीटवर (उंचीच्या रेषा दाखवणाऱ्या सर्वेक्षण नकाशावर) तुमच्या ओढ्याची पाणलोट रेषा काढा आणि गटनंबरांचे गावनकाशे त्यावर बसवा. उपग्रहाच्या ३० मीटरच्या उंची-नकाशावरून संगणक रेषा काढून देतो, पण माळरानासारख्या सपाट भागात ती चुकते, आणि रस्त्याचा भराव किंवा कालवा पाणी भलतीकडे वळवतो हे तिला दिसत नाही. म्हणून पाचही गावांची माणसं सोबत घेऊन ती रेषा एकदा पायी फिराच. कुठलं पाणी कुणाच्या शिवारात उतरतं हे सगळ्यांनी एकाच वेळी पाहिलेलं असलं की पुढचे निम्मे वाद उभेच राहत नाहीत.

मग पाण्याचा ताळेबंद, म्हणजे जमाखर्च. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर, आणि १,००० घनमीटर म्हणजे एक टीसीएम. तुमच्या २,४०० हेक्टरवर ५०० मिमी पडला तर १२,००० टीसीएम. त्यातलं ओढ्याला येणारं पाणी स्ट्रेंजच्या तक्त्याने (पावसावरून वाहत्या पाण्याची टक्केवारी देणारा तक्ता) मध्यम पाणलोटाला साधारण दहा-अकरा टक्के, म्हणजे १,२०० टीसीएमच्या आसपास. हा आकडा पाहून सगळे खूश होतात आणि इथेच फसतात. पाऊस ३०० मिमीवर आला की टक्केवारीही घसरते, चार-पाचवर येते. मग ७,२०० टीसीएमचे साडेचार टक्के, म्हणजे सव्वातीनशे. पाऊस ४० टक्क्यांनी कमी झाला आणि ओढा पाऊण आटला.

आता वरच्या गावांचं गणित पाहा. त्यांच्या १,००० हेक्टरमधून चांगल्या साली ५०० टीसीएम येईल. साठवण ३०० असली तरी पहिल्या भरण्यानंतरचं पाणी खाली जाईल. दुष्काळी साली येणार १३५ आणि साठवण ३००. खाली थेंब उतरणार नाही. खालच्या गावांची धास्ती खरी आहे, आणि ती भावनेने मांडण्यापेक्षा या दोन ओळींनी मांडा.

खर्चाच्या बाजूला पहिलं पिण्याचं पाणी. माणशी रोज ५५ लिटर धरले तर नऊ हजार माणसांना वर्षाला सुमारे १८० टीसीएम. त्यानंतर जनावरं, मग पिकं. टेंभूसारख्या उपसा योजनेचं पाणी तुमच्या भागात येत असेल तर ते वेगळ्या रकान्यात लिहा. ते कृष्णेचं आहे, या पाणलोटाचं नाही. ते ताळेबंदात मिसळलं की पिकांची निवड त्याच्या भरवशावर होते आणि आवर्तन (पाणी सोडण्याची पाळी) चुकलं की सगळा भार विहिरींवर पडतो.

मुरूम_मांजऱ्या

कामांच्या क्रमाबद्दल लिहितो. माथा ते पायथा हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, पण मंजुरी पायथ्याच्या सिमेंट बांधाला आधी मिळते, कारण ते काम एका ठेक्यात होतं आणि डोळ्यांना दिसतं. वरचं क्षेत्र उघडं असताना बांधलेला बांध दोन-तीन पावसाळ्यांत गाळाने भरतो. म्हणून निदान पहिला हंगाम फक्त माथ्याला आणि उताराला द्या.

सलग समतल चर: ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल. एका मीटर लांबीत १८० लिटर पाणी मावतं. हेक्टरी ५०० मीटर चर काढले तर एका भरण्याला ९० घनमीटर, म्हणजे नऊ मिमी वाहतं पाणी अडलं. रेषा हायड्रोमार्करने किंवा ए-फ्रेमने (समपातळी दाखवणारी साधी साधनं) आखा, नजरेने नको. वीस मीटरांत दहा सेंमी चूक झाली तरी सगळं पाणी खालच्या टोकाला जमतं, तिथे चर फुटतो आणि पुढच्या वर्षी तिथे घळ तयार असते. दर दहा-पंधरा मीटरवर हातभर माती न खणता सोडा, म्हणजे एक तुकडा फुटला तरी बाकीचे रिकामे होत नाहीत. खणलेली माती उताराच्या खालच्या बाजूला, चराच्या काठापासून वीतभर अंतर सोडून टाका. वरच्या बाजूला टाकली तर पहिल्या वळवातच ती परत चरात येते.

अनगड दगडी बांध: उंची एक मीटरच्या आत. मोठे दगड बाहेरून, लहान आत. दोन्ही काठांत किमान ३० सेंमी शिरवा. मध्यभाग काठांपेक्षा २०-३० सेंमी खोलगट ठेवा. मध्यभाग उंच राहिला तर पाणी कडेने वाट काढतं आणि काठ खाऊन टाकतं. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीत यावा इतकं अंतर. आणि एक चूक फार होते: दगड जवळच्याच उतारावरून उपटतात. त्या दगडांनीच तिथली माती धरून ठेवलेली असते. दगड नाल्याच्या पात्रातले किंवा शेतातून वेचलेले घ्या.

आता खोलीकरण. आपल्याकडे वर माती, मग मुरूम, मग झिजलेला किंवा मांजऱ्या (सच्छिद्र) खडक, खाली काळा पाषाण. पाणी साठतं आणि सरकतं ते मुरमात आणि झिजलेल्या थरात. जेसीबीने नाला त्या थराच्या खाली नेला की नालाच निचऱ्याचा चर होतो. आजूबाजूच्या विहिरींचं पाणी त्यात पाझरतं आणि उघड्यावर उन्हाळ्यात दिवसाला आठ-दहा मिमीने उडून जातं. खोलीकरण झालेल्या नाल्यात जानेवारीत पाणी दिसतं म्हणून गाव समाधानी असतं. ते पाणी बऱ्याचदा शेजारच्या विहिरीतलं असतं.

म्हणून नियम साधा ठेवा. गाळ काढायचा, मुरूम लागला की थांबायचं. खोदाईआधी नाल्याच्या दोन्ही बाजूंच्या विहिरींतले थर पाहून किती खोल जायचं ते लिहून ठेवायचं. आणि नाला सलग खोदायचा नाही, मधे न खोदलेले पट्टे सोडायचे. पाझर तलावातला गाळ काढतानाही हेच, शिवाय भिंतीच्या पायथ्याजवळ यंत्र न्यायचं नाही. गाळ उथळ, हलक्या जमिनीवर पाच-दहा सेंमीच पसरा. भारी काळ्या रानात टाकून उपयोग नाही.

माणदेशी_शिवार

खूप उपयोगी माहिती, दोघांचेही आभार. दोन अडचणी उरतात. वरच्या गावांना खोलीकरण नको म्हटलं तर ते बैठकीलाच येणार नाहीत. आणि माथ्यावर चराईबंदी म्हटलं की मेंढपाळांचा विरोध होतो, तो रास्तही आहे. त्यांनी मेंढरं न्यायची कुठे?

वाटा_पाण्याचा

‘नको’ने बैठक सुरू करू नका. वरच्या गावांचं काम जास्त आहे आणि त्याचा फायदा खाली उतरतो, हे आधी सगळ्यांसमोर मान्य करा. मग खालच्या गावांनी माथ्यावरच्या कामाला श्रमदान, डिझेल किंवा रोपं द्यायची. बारा सिमेंट बांधांतले सहा आत्ता आणि उरलेले दोन पावसाळ्यांच्या नोंदी पाहून, अशी तडजोड बहुधा जमते, कारण त्यात कुणालाच कायमचा नकार नसतो.

ठरावाबद्दल: पाचही ग्रामसभांत एकाच मजकुराचा ठराव करा, सोबत तोच नकाशा. मजकुरात एका शब्दाचा फरक असला तरी पुढे प्रत्येक गाव आपापला अर्थ काढतं. मग प्रस्ताव एकत्रच पाठवा. तुमची गावं दोन जिल्ह्यांत आहेत, त्यामुळे दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांना एकाच तारखेचं पत्र द्या आणि प्रत विभागीय आयुक्तांना. सातारा, सांगली, सोलापूर तिन्ही पुणे महसूल विभागात येतात, ही तुमच्या फायद्याची गोष्ट आहे. डोंगरावरचं काम वनविभागाच्याच आराखड्यात बसवावं लागेल. ग्रामपंचायतीने तिथे परस्पर यंत्र लावू नये.

उपशाबद्दल आता ठरलं नाही तर सगळी बांधकामं वाया जातात. झिजलेल्या बेसॉल्टमध्ये पाणी सोडण्याची क्षमता साधारण दोन टक्के धरतात. म्हणजे १०० हेक्टर शिवारात विहिरींची पातळी एक मीटरने वाढली तर हाती आलेलं पाणी २० टीसीएम. मोकाट पाण्यावरचा एक हेक्टर ऊस वर्षात तेवढं सहज पितो. तेच पाणी रब्बी ज्वारीला एका संरक्षित पाळीसाठी (पीक वाचवण्यापुरतं एकदाच) दिलं तर २५-३० हेक्टर भिजतं. हे गणित ग्रामसभेत फळ्यावर मांडा.

हिवरे बाजारला दरवर्षी पाऊस मोजून ताळेबंद मांडतात, त्यावर पिकं ठरतात, आणि शेतीसाठी बोअर घेण्यावर गावाने बंदी घातलेली आहे. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पाण्याचा हक्क जमिनीवर न देता माणशी दिला, भूमिहीनांनाही दिला आणि ऊस वर्ज्य ठेवला. पाच गावांत हे सगळं एकदम उतरणार नाही. निदान नवीन बोअर थांबवण्यापासून तरी सुरुवात करा. २००९चा महाराष्ट्र भूजल अधिनियम २०१४ पासून लागू आहे. सार्वजनिक पिण्याच्या स्रोताजवळ नवीन विहीर घेण्यावर आणि ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर त्यात निर्बंध आहेत. पाणलोट पातळीवरच्या समितीची तरतूदही आहे. तुमच्या ठरावात त्याचा उल्लेख हवाच.

मेंढपाळांबद्दल तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत. सरसकट चराईबंदी लादली की ती रात्री मोडते. डोंगराचे तीन भाग करा. एका वेळी एकच भाग दोन-तीन पावसाळे बंद ठेवा, बाकी दोन उघडे. बंद भागातलं गवत कापून न्यायला परवानगी द्या आणि त्यात मेंढपाळ कुटुंबांचा हक्क पहिला. कोणता भाग आधी बंद करायचा हे त्यांनाच विचारा, मेंढरांच्या जुन्या वाटा आणि पाणवठे त्यांना माहीत असतात. आणखी एक विनंती: माणदेशातली बरीच माळरानं मुळातच गवताची आहेत. तिथे खड्डे खणून ग्लिरिसिडिया लावणं म्हणजे पर्यावरण सुधारणं असं समजू नका. पवना, मारवेल, डोंगरी अशी गवतं टिकली तर माती धरली जाते, लांडग्यापासून चंडोलापर्यंत सगळ्यांचं घर राहतं आणि चाराही मिळतो. झाडं घळींच्या कडेने आणि बांधावर लावा.

बंधाऱ्यांचे बरगे कुणी कधी टाकायचे हेही लिहून घ्या. पूर ओसरल्यावर, साधारण ऑक्टोबरच्या मध्यात. आधी टाकले तर परतीच्या पावसात काठ फुटतो, उशीर झाला तर अडवायला पाणीच उरत नाही. काम माथ्याकडून खाली करायचं, पण बरगे खालच्या बंधाऱ्याचे आधी. वरचे आधी बसले तर ते भरेपर्यंत खालचा प्रवाह तुटतो. रबरी सील दरवर्षी सप्टेंबरात तपासा आणि बरगे कुलूपबंद खोलीत मोजून ठेवा.

विहीर_मोजणी

वरच्या सगळ्यात एक भर. नोंदी नसतील तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच भांडण होईल.

पर्जन्यमापक प्रत्येक गावात एक, झाडाझुडपांपासून दूर, नोंद रोज सकाळी साडेआठला. महसूल मंडळाच्या स्वयंचलित हवामान केंद्रावर विसंबू नका, एका डोंगराच्या दोन बाजूंना पाऊस वेगळा पडतो. प्रत्येक गावात सहा ते आठ विहिरी निवडा: दोन-तीन चढाच्या, दोन-तीन मधल्या, दोन ओढ्याकाठच्या. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी चार वेळा मोजणी करा. भूजल यंत्रणाही याच महिन्यांत मोजते, त्यामुळे आकडे ताडून पाहता येतात. मोटर सुरू होण्याआधी, पहाटे मोजा. कठड्यावर रंगाने एक खूण करा आणि दरवेळी तिथूनच टेप सोडा, कठड्याची उंची वजा करायला विसरू नका. मोटर चालून गेल्यावर मोजलेली पातळी दोन-तीन मीटरने खोटी येऊ शकते.

सांडपाण्याचाही विचार आराखड्यात घ्या. गावाची गटार जिथे ओढ्याला मिळते त्याच्या लगेच खाली सिमेंट बांध घातला तर त्यात घाण साठते आणि तीच आजूबाजूच्या विहिरींत मुरते. आधी घरोघरी शोषखड्डे, विहिरीपासून लांब. मग बांध गटारीच्या वरच्या अंगाला. पावसाळ्याआधी आणि नंतर पिण्याच्या विहिरींचं नायट्रेट तपासा, लिटरला ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे.

माणदेशी_शिवार

नोंदींचं मे महिन्यापासून सुरू करतो. शेवटचा प्रश्न: शिवेवरून खाली किती पाणी गेलं, हे गावातल्या पोरांना मोजता येईल असं काही आहे का?

विहीर_मोजणी

आहे. पूर मोजता येणार नाही, पण ऑक्टोबरपासूनचा वाहता प्रवाह मोजता येतो. शिवेवर जिथे पाणी एका धारेत येतं तिथे लोखंडी पत्र्यात ९० अंशांची व्ही खाच कापून बसवा. पत्र्याची कड धारदार हवी आणि खालून-बाजूंनी पाणी निसटू नये म्हणून चिकणमाती ठासून भरा. मोजपट्टी खाचेवर लावू नका, तिथे पाणी खाली वाकलेलं असतं. खाचेतल्या पाण्याच्या उंचीच्या चौपट अंतरावर, वरच्या बाजूला, संथ पाण्यात लावा, पट्टीचं शून्य खाचेच्या टोकाच्या पातळीत. सूत्र असं: उंची मीटरमध्ये घ्या, तिचा अडीचवा (२.५) घात करा आणि १.३८ ने गुणा, सेकंदाला घनमीटर मिळतात. २० सेंमी उंचीला सेकंदाला साधारण २५ लिटर येतात. एक तक्ता करून पत्र्याशेजारीच रंगवून ठेवा, म्हणजे पोरांना फक्त पट्टी वाचायची. प्रवाह तुटेपर्यंत आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी. वाचताना वरच्या आणि खालच्या गावातला एकेक जण हजर हवा, वहीत दोघांची सही.