मदत हवी आहे: झाडछाटणीचं कोटेशन दिल्यावर साइटच बदलली, जादाचे पैसे कसे मागायचे?

नमस्कार मंडळी. मुलुंड-भांडुप पट्ट्यात सोसायट्यांच्या झाडांची छाटणी घेतो. छोटी टीम आहे, वर चढणारा एक पोरगा एकदम पक्का, बाकीचे खाली दोर धरायला आणि तुकडे करून टेम्पोत भरायला. कामाला तोटा नाही, पण कोटेशन दिल्यापासून कोयता लागेपर्यंत साइटवर जे काय बदलतं त्याचा हिशोब कुणाच्या माथी मारायचा यावर दर सीझनला वाद होतो.

आत्ताचंच बघा. एका सोसायटीत मार्चमध्ये पाहणी करून आकडा दिला, एक मोठा गुलमोहर, एक रेन ट्री, चार नारळ साफ करायचे, माल उचलून नेण्यासकट ४२ हजार. मग सोसायटीने वॉर्ड ऑफिसला उद्यान खात्यात अर्ज टाकला, तिथला माणूस येऊन बघून गेला, परमिशनचा कागद हातात पडेस्तोवर मे संपत आला. आणि मधल्या काळात कमिटीने काय करावं तर गुलमोहराखाली जी मोकळी जागा होती तिथेच टू-व्हीलरसाठी पत्र्याची शेड ठोकली!! मी धरलं होतं की फांदी तोडली की सरळ खाली. आता एकेक फांदी बांधायची, दोर वरच्या बेचक्यातून घ्यायचा, खाली खोडाला वेढे मारायचे आणि सोडत सोडत शेडच्या बाहेर उतरवायची. ज्यांना अंदाज नाही त्यांच्यासाठी, फूटभर जाडीची दहा फूट लांब ओली फांदी आरामात पावणेदोनशे किलोच्या घरात जाते. दिवसभराचं काम अडीच दिवसांवर गेलं, हजेरी तर रोजची द्यावीच लागते.

त्यात रेन ट्री. पोरगा वर गेला, मोठ्या बेचक्यात वजन टाकायच्या आधी कोयत्याच्या पाठीने ठोकून बघितलं (ही त्याची सवय आहे, म्हणून तर तो अजून धडधाकट आहे) तर आवाज बद्द. जुन्या तुटलेल्या फांदीच्या जागी भोक होतं, त्यात हात घातला तर कोपरापर्यंत आत, आणि बाहेर काय तर काळं पाणी आणि भुसा. खालून बघाल तर साल ठणठणीत, पाला हिरवागार. मी त्याला लगेच उतरवलं. आता त्या बाजूला बकेटवाली गाडी (माणसाला पाळण्यात बसवून वर उचलणारी) लावल्याशिवाय माणूस पाठवणार नाही, आणि गाडीचं भाडं वेगळं, वर गेटमधून आत शिरल्या शिरल्या पेव्हर ब्लॉकखाली पाण्याची टाकी, तिच्यावर चाक गेलं की संपलंच.

सेक्रेटरी काका म्हणतात कोटेशन म्हणजे कोटेशन, तुम्ही बघून दिलं होतंत. चेअरमन समजूतदार आहेत पण जनरल बॉडीत पास झालेल्या आकड्याच्या वर कसं जाऊ म्हणतात. गुलमोहर पूर्ण केला, शेडला ओरखडा नाही. रेन ट्री अर्धवट आहे, पाऊस डोक्यावर, साल एकदा ओली झाली की चढणंच बंद.

तर विचारायचं हे की कोटेशनमध्ये हे आधीच कसं लिहायचं? सगळ्या शक्यता धरून आकडा फुगवला तर काम दुसराच घेऊन जातो, जो हार्नेससुद्धा लावत नाही. हजेरीवर काम घेतलं तर सोसायटीवाले गॅलरीत उभं राहून चहाच्या सुट्ट्या मोजतात. आणि अडकलेले पैसे सुटायचा काही मार्ग?

गिरगावकर_रिपेअरवाला: भाऊ, आमच्या प्लास्टरच्या कामात हेच होतं, ठोकल्याशिवाय आत काय सडलंय कळत नाही. मी आकडा एकच देतो पण त्याच्याखाली लिहितो की हा आकडा कशावर धरलाय. तुमच्या बाबतीत 'झाडाखालची जागा पाहणीच्या दिवशी होती तशी मोकळी असेल, खोड चढण्याजोगं असेल, गाडी आतपर्यंत येईल' आणि पाहणीच्या दिवशीचे फोटो सोबत जोडायचे. मग त्याखाली जादा कामाचे दर आत्ताच लिहून टाकायचे, दोराने उतरवायचं झालं तर दिवसाला इतके, बकेट लागली तर भाड्याच्या बिलाप्रमाणे. जनरल बॉडी ते दरसुद्धा पास करते, मग चेअरमनला अडचण नाही. आणि मुदत टाका, महिना-दीड महिना. तुमचं मार्चचं कोटेशन मेअखेर चालतंच कसं?

बोरिवली_कमिटी_मेंबर: मी दुसऱ्या बाजूची. दादा, आम्हाला जादा पैशाचा राग नसतो हो, काम झाल्यावर कळतं त्याचा असतो. तुम्ही शेड बघितल्याबरोबर काम थांबवून फोटोसकट ग्रुपवर टाकलं होतं का, की आधी उतरवलं आणि मग बिल दिलं? आमच्याकडे एकाने थेट बिलात 'एक्स्ट्रा' लिहून आणलं, खजिनदार आजही त्याचं नाव काढू देत नाहीत. शेडचे पैसे मात्र मागाच, शेड त्यांनी बांधली. पोकळ खोडाचं मी अर्धं-अर्धं म्हणेन.

झाडवेडा_४०००८१: पैशाच्या आधी कागद बघा. तुमची परमिशन छाटणीची आहे. आतून इतकं पोकळ असेल तर उद्या कमिटी म्हणेल पूर्णच पाडून टाका, तर अजिबात हात लावू नका, १९७५ च्या झाडांच्या कायद्यात तोडायची परवानगी वेगळी घ्यावी लागते आणि गुन्हा तोडणाऱ्यावरपण येतो. शिवाय २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं आणि त्याहून जुनं झाड हेरिटेज धरतात, रेन ट्री तेवढा सहज असू शकतो. वॉर्डच्या उद्यानवाल्यांना पोकळीचे फोटो देऊन परत बोलवा, त्यांनी लेखी धोकादायक म्हटलं की सेक्रेटरी काकांचा आवाज आपोआप खाली येतो. फांदी कलायला लागली तर पालिकेच्या १९१६ या आपत्कालीन नंबरवर फोन करा, कोटेशन गेलं खड्ड्यात.

धागाकर्ता: सगळ्यांना धन्यवाद. ताई, शेड बघितल्या दिवशीच चेअरमनना फोटो पाठवून 'जादा लागतील' लिहिलं होतं, निळ्या टिक आल्या पण उत्तर आलं नाही, सेक्रेटरी म्हणतात होकार कुठे दिला. उद्या वॉर्डला जातोय, आणि शेडच्या दीड दिवसाचं वेगळं बिल पाठवतो, रेन ट्रीचं अर्ध्यावर बोलू. फक्त गिरगावकर, एक सांगा, फोटो पाठवूनही कुणी उत्तरच देत नसेल आणि माणसं दोर बांधून उभी असतील, तर तुम्ही किती वेळ थांबता? त्या रिकाम्या हजेरीचापण दर लिहिता का?